संपत्तीतील वाटा : धम्म, संविधान आणि आपले दोन जिल्हे

२६ ऑगस्ट १९८२ रोजी गडचिरोली जिल्हा चंद्रपूरपासून वेगळा झाला. कागदावर सीमा आखली गेली. परंतु वैनगंगेच्या दोन्ही तीरांवरील माणसांचे प्राक्तन एकच राहिले. जमिनीच्या पोटात आणि जंगलाच्या कुशीत अपार संपत्ती, आणि त्या जमिनीवर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या माणसाच्या हाती तिचा अल्पसा अंश! बल्लारपूरचा कागद, घुग्घुस-राजुरा-भद्रावतीचा कोळसा, कोरपना तालुक्यातील सिमेंट, चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची वीज, सूरजागडचे लोहखनिज... ही यादी वाचणाऱ्या परक्या माणसास हा प्रदेश कुबेराचा वाटावा. तथापि केंद्र शासनाने २०१८ साली देशातील मागे राहिलेल्या जिल्ह्यांसाठी ‘आकांक्षित जिल्हे’ ही योजना आखली, तेव्हा तिच्या यादीत गडचिरोलीचे नाव आले. भूगोलाच्या तासाला खनिजांचा नकाशा शिकवताना विद्यार्थी नेमका हाच प्रश्न विचारतात : नकाशात आपला जिल्हा श्रीमंत दिसतो, मग आपले गाव गरीब का?

हा प्रश्न केवळ अर्थशास्त्राचा नाही. तो नीतीचा आहे, इतिहासाचा आहे आणि धम्माचाही आहे. श्रीमंतांनी व सत्ताधाऱ्यांनी समाजासाठी काही करावे, हे सर्वांनाच मान्य असते. मतभेद होतो तो पुढच्या मुद्द्यावर. जे करायचे ते दयेपोटी दिलेले दान समजावे, की समाजाचा हक्काचा वाटा समजावा? तथागतांचा उपदेश, बाबासाहेबांचे कार्य आणि आजचा कायदा या तिहींच्या आधारे या प्रश्नाचे उत्तर शोधण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे.

दोन राजे, दोन मार्ग

दीघ निकायात दोन राजांच्या कथा आहेत. त्या शेजारी ठेवून वाचल्यास संपत्तीविषयीचा बौद्ध विचार स्पष्ट होतो.

पहिली कथा चक्कवत्ति सीहनाद सुत्तातील. एका राजाने प्रजेचे रक्षण केले, परंतु निर्धनांना धन दिले नाही. त्यामुळे दारिद्र्य वाढले. दारिद्र्यातून चोरी जन्मली. पकडून आणलेल्या पहिल्या चोराने, जगण्याचे साधन नाही म्हणून चोरी केली, असे सांगितले. राजाने त्याला धन देऊन सोडून दिले. ही वार्ता पसरताच धन मिळावे म्हणून इतरही चोरी करू लागले. मग राजाने शिरच्छेदाची शिक्षा सुरू केली. लोकांनीही शस्त्रे घडविली. चोरीतून हत्या, हत्येतून असत्य, अशी अधोगती होत माणसांचे आयुर्मानही घटत गेले.

या कथेचा मर्मभाग बहुधा आपल्या नजरेतून सुटतो. राजाने धन दिलेच नाही असे नाही; ते त्याने उशिरा दिले, एकेकट्याला दिले आणि गुन्हा घडल्यानंतर दिले. वेळेवर सर्वांसाठी जी व्यवस्था करायला हवी होती तिची जागा मर्जीने दिलेल्या रकमेने घेतली. अशी रक्कम समाजाला सावरत नाही. ज्या गडचिरोलीने चार दशके बंदुकीचे आवाज ऐकले, जिथे गोळी कोणाचीही असली तरी अनेकदा गरिबाच्याच घरचा माणूस गेला, त्या गडचिरोलीच्या वाचकाला या सुत्ताचा अर्थ वेगळा समजावून सांगण्याची आवश्यकता नाही.

दुसरी कथा कूटदन्त सुत्तातील. महाविजित नावाच्या राजाला मोठा यज्ञ करण्याची इच्छा झाली. त्याचा पुरोहित म्हणाला : राज्यात लूटमार चालू आहे, अशा वेळी प्रजेवर नवा कर बसविणे हे अकर्तव्य ठरेल. दंडाने आणि बंधनाने हा उपद्रव मिटणार नाही, कारण जे उरतील ते पुन्हा त्रास देतील. शेती करणाऱ्यांना बी-बियाणे द्या, व्यापार करणाऱ्यांना भांडवल द्या, राजसेवेत असणाऱ्यांना अन्न व वेतन द्या. राजाने तसे केले. लोक आपापल्या कामाला लागले, राज्याचा महसूल वाढला आणि घरांची दारे उघडी ठेवून माणसे निर्भयपणे राहू लागली. त्यानंतर झालेल्या यज्ञात पशू मारले गेले नाहीत, यूपासाठी झाडे तोडली गेली नाहीत आणि सेवकांना धाकाने राबविले गेले नाही. प्रजेतील धनिकांनी राजासाठी संपत्ती आणली, तेव्हा न्याय्य करातून आपल्याजवळ पुरेसे आहे असे सांगून त्याने ती परत केली.

बियाणे, भांडवल आणि वेतन! आजच्या भाषेत सांगायचे तर उत्पादनाचे साधन, पतपुरवठा आणि न्याय्य मजुरी. तथागतांनी संपत्तीचा तिरस्कार केला नाही. अनाथपिंडिकासारखा श्रेष्ठी त्यांचा उपासक होता. सिगालोवाद सुत्तात त्यांनी मालकाची कर्तव्येही सांगितली आहेत : सेवकाला शक्तीनुसार काम द्यावे, अन्न व वेतन द्यावे, आजारपणात शुश्रूषा करावी, विशेष पदार्थांत वाटा द्यावा आणि वेळेवर विश्रांती द्यावी. कोळसा खाणीतील किंवा सिमेंट कारखान्यातील कंत्राटी कामगाराच्या संदर्भात ही पाच कर्तव्ये एकदा वाचून पाहावीत. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा उपदेश आजही पूर्णतः अमलात आलेला नाही.

हा विचार आपल्या भूमीला परका नाही. नागभीड परिसरातील देवटेक येथे प्राण्यांना पकडण्यास व मारण्यास मनाई करणारा प्राचीन ब्राह्मी लेख सापडला आणि महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्याचा संबंध सम्राट अशोकाच्या महामात्राशी जोडला. भद्रावतीची विजासन लेणी तर आपण सर्वांनी पाहिलेली आहेत. सत्तेने स्वतःला मर्यादा घालून घ्यावी, ही शिकवण या मातीत दगडावर कोरलेली आहे.

कोळशावरचा उपकर

तथागतांनी सांगितलेल्या व्यवस्थेला विसाव्या शतकात कायद्याचे रूप देण्याचे कार्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी केले. संविधानाचे शिल्पकार म्हणून आपण त्यांना वंदन करतो. परंतु १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खात्याचे सदस्य म्हणून त्यांनी केलेले काम आपल्या जिल्ह्यांतील खाण कामगारांच्या घरीसुद्धा फारसे ठाऊक नसते.

डिसेंबर १९४३ मध्ये बाबासाहेबांनी झरिया-राणीगंज कोळसा क्षेत्राला भेट दिली. खाणीत कामगार कसे राबतात आणि खाणीबाहेर कसे राहतात, हे त्यांनी प्रत्यक्ष पाहिले. त्यानंतर अल्पावधीतच, जानेवारी १९४४ मध्ये, कोळसा खाण कामगार कल्याण निधीचा अध्यादेश निघाला. खाणीतून बाहेर जाणाऱ्या कोळशावर उपकर आकारायचा आणि त्या पैशातून कामगारांची घरे, पाणी, आरोग्य आणि शिक्षण यांची सोय करायची, असे त्याचे स्वरूप होते.

या अध्यादेशामागील तत्त्व लक्षपूर्वक समजून घ्यावे. खाणमालक दयाळू आहे की निर्दय, हा प्रश्नच बाबासाहेबांनी उपस्थित केला नाही. कोळशाचा वाघिणी भरून प्रवास सुरू झाला की कामगाराचा वाटा आपोआप बाजूला पडावा, अशी त्यांनी व्यवस्था केली. वाटा मालकाच्या मनावर न ठेवता त्यांनी तो मालाच्या वजनाला बांधला. त्यामुळे कामगाराला कोणासमोर हात पसरण्याची गरज उरली नाही आणि मालकाला उपकारकर्ता म्हणून मिरविण्याची संधीही उरली नाही. ज्या समाजाला शतकानुशतके उष्ट्या अन्नावर आणि जुन्या वस्त्रांवर जगण्यास भाग पाडले गेले, त्या समाजातून आलेल्या महामानवाला ‘दिलेले’ आणि ‘हक्काचे’ यांतील अंतर पुस्तकातून शिकावे लागले नव्हते.

याच भूमिकेतून त्यांनी १७ सप्टेंबर १९३७ रोजी मुंबई विधिमंडळात खोती पद्धती नष्ट करण्याचे विधेयक मांडले होते. १९४७ च्या ‘स्टेट्स अँड मायनॉरिटीज’ या निवेदनात त्यांनी मूलभूत उद्योग, विमा व शेती राज्याच्या मालकीची असावी, असा आराखडा दिला. आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या भाषणात, राजकारणात समता आणि सामाजिक-आर्थिक जीवनात विषमता असे विसंगत जीवन आपण जगणार आहोत व ही विसंगती लवकर दूर केली नाही तर लोकशाहीचा डोलाराच कोसळेल, अशा आशयाचा इशारा दिला.

संविधानाचा निर्देश आणि आजचे वास्तव

त्या इशाऱ्याचा प्रतिध्वनी संविधानाच्या राज्य धोरणाच्या निदेशक तत्त्वांत आहे. अनुच्छेद ३९ च्या खंड ‘ख’ नुसार समाजाच्या भौतिक साधनसंपत्तीचे स्वामित्व व नियंत्रण सर्वांच्या हितासाठी विभागले जावे. खंड ‘ग’ नुसार आर्थिक व्यवस्थेमुळे धनाचा व उत्पादन साधनांचा संचय सर्वसामान्यांच्या अहिताला कारणीभूत होऊ नये. ५ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने, महाराष्ट्रातूनच गेलेल्या एका प्रकरणात, प्रत्येक खासगी मालमत्ता ही ‘समाजाची भौतिक साधनसंपत्ती’ ठरत नाही, असा निर्णय बहुमताने दिला. म्हणजे या शब्दांचा अर्थ आजही चर्चेचा विषय आहे. परंतु जंगल, पाणी आणि खनिजे यांकडे कोणा एकाची खासगी तिजोरी म्हणून पाहता येत नाही, हे सांगण्यास फार मोठ्या कायदेपंडिताची गरज नसावी.

दुसऱ्या बाजूला वास्तव पाहू. थॉमस पिकेटी व त्यांच्या सहकाऱ्यांनी मार्च २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०२२-२३ मध्ये भारतातील सर्वांत श्रीमंत १ टक्का लोकांकडे देशातील ४०.१ टक्के संपत्ती आणि २२.६ टक्के उत्पन्न एकवटले होते. याच देशाने मोठ्या वारसा मालमत्तेवर १९५३ पासून असलेला मृत्युकर १९८५ मध्ये बंद केला आणि १९५७ चा संपत्तीकर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द केला. आज साबण घेणारा मजूर अप्रत्यक्ष कर भरतो. वारसाहक्काने कोट्यवधी मिळविणाऱ्यावर मात्र त्या मिळकतीसाठी वेगळा कर नाही. हे कर बंद करणाऱ्यांचे म्हणणे असे होते की त्यांपासून वसुली अल्प आणि कटकट अधिक. हा युक्तिवाद प्रामाणिक मानला तरी कर सुधारणे आणि कर सोडून देणे यांत अंतर आहे.

आपल्या जिल्ह्यांसाठी लिहिलेला वाटा

तरीही आपल्या बाजूने काहीच नाही, असे मात्र नाही. १९४४ च्या उपकरामागील तत्त्व २०१५ साली अधिक व्यापक स्वरूपात कायद्यात आले. खाणी व खनिजे अधिनियमात त्या वर्षी दुरुस्ती होऊन प्रत्येक खाणबाधित जिल्ह्यात ‘जिल्हा खनिज प्रतिष्ठान’ स्थापन करण्याची तरतूद झाली. १२ जानेवारी २०१५ पूर्वी दिलेल्या खाणपट्ट्यांच्या धारकाने स्वामित्वधनाच्या ३० टक्के आणि त्यानंतर लिलावाने मिळालेल्या पट्ट्यांच्या धारकाने १० टक्के इतकी रक्कम या प्रतिष्ठानाकडे भरायची असते, आणि ती स्वामित्वधनाव्यतिरिक्त असते.

आकडा डोळ्यांसमोर यावा म्हणून एक हिशेब मांडतो. कोळशावरील स्वामित्वधनाचा दर मूल्याच्या १४ टक्के आहे. जुन्या पट्ट्यातून १०० रुपयांचा कोळसा निघाला तर १४ रुपये स्वामित्वधन होते आणि त्याच्या ३० टक्के, म्हणजे ४ रुपये २० पैसे, खनिज प्रतिष्ठानाकडे जातात. पाणी, आरोग्य, शिक्षण, स्वच्छता, पर्यावरण, महिला-बालक व वृद्ध-दिव्यांगांचे कल्याण, कौशल्य विकास या प्राधान्याच्या क्षेत्रांवर या निधीचा किमान ६० टक्के भाग खर्च करावा असे आरंभीचे केंद्रीय मार्गदर्शन होते. २०२४ मध्ये ते प्रमाण ७० टक्के झाले.

या तरतुदींतील सर्वांत महत्त्वाची ओळ पुढे आहे. अनुसूचित क्षेत्रातील बाधित गावांसाठी योजना आखताना ग्रामसभेची मान्यता आवश्यक आहे, आणि वर्ष संपल्यावर झालेल्या कामांचा अहवाल ग्रामसभेपुढे ठेवायचा आहे. गडचिरोलीचा मोठा भाग आणि चंद्रपूरचा काही भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. म्हणजे ज्या गावाच्या शेतावर खाणीची धूळ बसते, त्या गावाला हिशेब विचारण्याचा अधिकार आहे. आपल्या किती गावांत हा हिशेब विचारला जातो, हे प्रत्येक माजी विद्यार्थ्याने आपल्या गावी जाऊन पाहावे.

याखेरीज कंपनी अधिनियम २०१३ चे कलम १३५ आहे. ५०० कोटींचे नक्त मूल्य, १००० कोटींची उलाढाल किंवा ५ कोटींचा निव्वळ नफा, यांपैकी कोणतीही एक मर्यादा ओलांडणाऱ्या कंपनीने मागील तीन वर्षांच्या सरासरी नफ्याच्या किमान २ टक्के रक्कम सामाजिक दायित्वावर खर्च करावी, आणि तसे करताना आपल्या कामाच्या परिसरास प्राधान्य द्यावे, असे ते सांगते. स्वतःच्या कर्मचाऱ्यांपुरत्या केलेल्या सोयी या खर्चात धरता येत नाहीत. उद्योगाने रोजगार दिला, रस्ते आले, बाजारपेठ आली, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु बसथांब्यावर कंपनीचे नाव रंगविले म्हणजे धुळीचे, विस्थापनाचे व आटलेल्या विहिरींचे ऋण फिटले, असेही मानता येत नाही.

मेंढ्याने दाखविलेली वाट

कायद्यातला वाटा कागदावरून घरात कसा येतो, याचे उत्तर धानोरा तालुक्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने दिले आहे. वनहक्क कायदा २००६ मध्ये झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला. असा हक्क मिळविणाऱ्या देशातील पहिल्या गावांत त्याची गणना होते. पण हक्काचा कागद मिळूनही बांबू विकता येईना. कायदा बांबूला गौण वनोपज म्हणत होता, तर वनखाते वाहतुकीचा परवाना सोडण्यास तयार नव्हते. जो बांबू पूर्वी कागद कारखान्याला पट्ट्याने दिला जात होता, तो गावाने विकायचा म्हटल्यावर तंटा उभा राहिला. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन वाहतूक परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. पुढे जिल्ह्यातील अनेक ग्रामसभा बांबू व तेंदूपाने स्वतः विकू लागल्या. २०१३ साली मेंढ्याने ग्रामदान कायद्याचा आधार घेऊन गावातील जमीनही ग्रामसभेच्या स्वाधीन केली.

देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे या वाटचालीशी जोडलेली आहेत. परंतु मेंढ्याचे खरे बळ दोन गोष्टींत होते : निर्णय सर्वसहमतीने घेणे आणि निर्णयापूर्वी अभ्यास करणे. गावात अभ्यास गट बसत असे. कायद्याचे कलम वाचले जात असे. मग ग्रामसभा ठरवीत असे. ‘शिका, संघटित व्हा, संघर्ष करा’ या क्रमातील पहिला शब्द त्या गावाने गांभीर्याने घेतला. बांबू तोच, माणसे तीच, जंगल तेच. मालकी कोणाची हे ठरताच मजुरी ठरविणारा हात बदलला.

आणि आपण?

येथवर वाचून, श्रीमंत व सत्ताधारी म्हणजे दुसरेच कोणीतरी, असा समज होण्याचा संभव आहे. तो वेळीच दूर करणे हा या लेखाचा एक हेतू आहे. या निवासी शाळेच्या माजी विद्यार्थ्यांत आज शिक्षक आहेत, अभियंते आहेत, खाणीत व वीज केंद्रात नोकरी करणारे आहेत, बँकेत, तहसिलीत, रुग्णालयात काम करणारे आहेत. खाणपट्ट्यातील भूमिहीन मजुराच्या तुलनेत आपण सधन आहोत. आपली सही कोणाच्या तरी अर्जावर होते. म्हणून आपण सत्ताधारीही आहोत. १८ मार्च १९५६ रोजी आग्र्याच्या सभेत बाबासाहेबांनी शिकलेल्या लोकांविषयी जी व्यथा व्यक्त केली, ती आपल्यासारख्यांविषयीच होती.

त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला नागपुरात आणि १६ ऑक्टोबरला चंद्रपुरात धम्मदीक्षा झाली. नागपूरच्या १५ ऑक्टोबरच्या भाषणात बाबासाहेबांनी प्रत्येकाने आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा धम्मकार्यासाठी द्यावा, असे आवाहन केले. विसावा हिस्सा म्हणजे ५ टक्के. समोर बसलेल्यांत बहुसंख्य शेतमजूर, विडी कामगार, गिरणी कामगार होते. कोट्यवधींचा नफा मिळविणाऱ्या कंपनीकडून कायदा आज २ टक्क्यांची अपेक्षा करतो. आणि ज्यांच्या घरी दुसऱ्या दिवसाचे धान्य नव्हते त्यांच्याकडून बाबासाहेबांनी ५ टक्क्यांची अपेक्षा केली. कारण त्या माणसांना ते दया घेणारे समजत नव्हते. नव्या समाजाचे भागीदार समजत होते. वाटा मागण्याचा अधिकार वाटा देणाऱ्यालाच शोभतो.

आपल्या चंद्रपूरचे बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे हे या विचाराचे उदाहरण होय. सधन घराण्यात जन्म, विलायतेतील बॅरिस्टरीची पदवी, पुढे १९६९ मध्ये राज्यसभेचे उपसभापतिपद. सुखासीन वकिली करण्यास त्यांना कोणती अडचण होती? तरीही त्यांनी आपली प्रतिष्ठा आणि सारी उमेद चळवळीच्या कामी लावली. चंद्रपूरच्या दीक्षा समारंभामागे त्यांचे परिश्रम होते. त्या दीक्षाभूमीच्या परिसरात आज बाबासाहेबांच्या नावाचे महाविद्यालय उभे आहे आणि खेड्यापाड्यांतील मुले-मुली तेथे शिकतात.

दान अवश्य द्यावे. दानपारमिता ही आपल्या धम्माची पहिली पारमिता आहे. या शाळेच्या वसतिगृहातील ताटही अनेकांच्या दानातून भरले आहे, हे कृतज्ञतेने नमूद केले पाहिजे. परंतु दान देणाऱ्याचे मन शुद्ध करते. समाजाची रचना बदलण्यासाठी हिशेब मागावा लागतो. खाणीच्या १०० रुपयांतील ४ रुपये २० पैसे कोठे गेले, हे विचारणारा शिकलेला माणूस ग्रामसभेत उभा राहिला पाहिजे. तो माणूस या शाळेतून गेलेला असावा, एवढीच अपेक्षा.

अभ्यासासाठी

माजी विद्यार्थी व पालक यांनी आपल्या अभ्यास मंडळात पुढील प्रश्न घ्यावेत.

१. चक्कवत्ति सीहनाद सुत्तातील राजाने चोराला धन दिले, तरी राज्य का सावरले नाही? महाविजित राजाने काय वेगळे केले?

२. आपले गाव खाणबाधित क्षेत्रात येते काय? येत असल्यास मागील वर्षी जिल्हा खनिज प्रतिष्ठानातून कोणते काम झाले आणि ग्रामसभेपुढे त्याचा अहवाल आला काय?

३. सिगालोवाद सुत्तातील मालकाची पाच कर्तव्ये आपल्या घरी काम करणाऱ्या माणसाच्या बाबतीत आपण स्वतः किती पाळतो?

४. आपल्या मिळकतीचा विसावा हिस्सा किती रुपये होतो, तो एकदा कागदावर लिहून पाहावा.

सब्बे सत्ता सुखी होन्तु। जय भीम!